महागड्या घडीच्या चाकूत पैसे कशाचे? सेबेंझा उघडून बघूया

प्रश्न असा आला आहे: "भाऊ अमेरिकेत असतो. दिवाळीला येताना क्रिस रीव्हचा सेबेंझा आणू का, असं विचारतोय. किंमत चारशे डॉलरच्या आसपास किंवा वर. फोटोत तर दोन करड्या पट्ट्या आणि मध्ये एक पातं, एवढंच दिसतं. लोक म्हणतात हातात घेतला की कळतं. म्हणजे नेमकं काय कळतं? आणि रोजच्या वापराला हा चाकू ठीक आहे का?"

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या साचे आणि मोजमापाची साधनं बनवणाऱ्या विभागात झाली. डाय, फिक्स्चर, गेज हेच काम. चाकू उघडणं, साफ करणं, धार लावणं, लॉक बघून देणं हे त्याच्या जोडीने गेली बरीच वर्षं चालू आहे. त्यामुळे उत्तर फिटरच्या नजरेने देतो. हातात जे कळतं ते माप असतं. चाकूत तीन-चार जागा अशा आहेत की तिथे ०.०२ मिमीचा फरकसुद्धा बोटांना समजतो, फक्त तो 'माप' म्हणून समजत नाही, 'छान वाटतंय' किंवा 'काहीतरी हलतंय' असा समजतो. पैसे त्या तीन-चार जागांचे आहेत.

क्रिस रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, आणि व्यवसायाने टूल अँड डाय मेकर. १९८९ मध्ये ते अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉयसी इथे गेले आणि सेबेंझा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे बनतो आहे. त्यांच्या धंद्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण हा चाकू टूलरूमच्या माणसाने काढलेला आहे हे तो खोलल्यावर पहिल्या मिनिटात दिसतं. नक्षी नाही, दाखवण्यापुरता एकही भाग नाही, आणि जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना लागतात तिथे मात्र सगळी मेहनत ओतलेली.

पहिली जागा पिव्हटची, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं ती. साध्या चाकूत इथे एक स्क्रू असतो आणि पातं त्याच्यावरच फिरतं. स्क्रू आवळला की पातं जड चालतं, सैल केला की डावं-उजवं हलतं. मग माणूस पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत मधली जागा शोधतो, आणि महिनाभर खिशात फिरल्यावर ती पुन्हा बिघडते. मोठ्या सेबेंझात स्क्रूभोवती एक बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी आहे. पातं बुशवर फिरतं. दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझचे वॉशर, आणि त्या वॉशरना बारीक भोकं पाडलेली, म्हणजे ग्रीस त्यांत धरून राहतं. स्क्रू पूर्ण आवळला की मुठीच्या दोन्ही पट्ट्या बुशच्या दोन टोकांवर घट्ट टेकतात. पट्ट्यांमधलं अंतर बुशच्या लांबीने ठरतं, तुमच्या मनगटाच्या जोराने नाही. त्या अंतरात पातं आणि दोन वॉशर अगदी जेमतेम मोकळे बसतात.

आता हे 'जेमतेम' म्हणजे किती? वॉशरचा व्यास १२ मिमी धरा आणि पात्याची लांबी ९० मिमी. वॉशर आणि पट्टी यांच्यात एकूण ०.०२ मिमी जागा राहिली तर पात्याचं टोक साधारण ०.१५ मिमी डोलतं. ०.०५ मिमी राहिली तर जवळजवळ ०.४ मिमी, आणि तेवढं कोणालाही जाणवेल. उलट जागा शून्य झाली तर पातं अडकेल. म्हणजे बुशची लांबी, पात्याची जाडी आणि दोन वॉशरची जाडी या चार मापांची बेरीज-वजाबाकी मोजक्या मायक्रॉनांत (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत) बसवायची, आणि प्रत्येक नगाला बसवायची. सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे सपाट घासणाऱ्या यंत्रावर, एक जॉब (भाग) असा काढता येतो. हजारो जॉब असे काढायचे आणि पातं उष्णता उपचारातून वाकडं होऊन आल्यावर पुन्हा ग्राइंड करून त्याच मापात आणायचं, यात खर्च आहे.

याचा परिणाम चालीत दिसतो. सेबेंझाचं पातं झटक्याने बाहेर पडत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वजनाने फिरतं, आणि मिटताना चांगल्या स्टीलच्या डब्याचं झाकण हवेवर तरंगत खाली बसतं तसं बसतं. चाकूवाले याला 'हायड्रॉलिक' चाल म्हणतात. नवा चाकू थोडा कडक लागतो. काही आठवडे उघडमीट झाली की ब्राँझचा पृष्ठभाग पात्याला सरावतो आणि चाल मऊ होते.

इथे बेअरिंगचा विषय निघणारच. हल्ली बरेच महाग चाकू वॉशरऐवजी बारीक गोळ्यांच्या बेअरिंगवर चालतात. रशियातल्या शिरोगोरोव्हचे चाकू त्याबद्दल नावाजलेले आहेत. बेअरिंगचं पातं बोटाच्या हलक्या धक्क्याने उघडतं आणि लॉक सोडलं की स्वतःच्या वजनाने खाली येतं. मजा येते, यात शंका नाही. पण आपल्याकडची धूळ, खिशातला लोकर-कापसाचा कचरा, पावसाळ्यातला दमटपणा बघता माझी पसंती वॉशरला आहे. वॉशरमध्ये कण शिरला तर तो ग्रीसमध्ये दबतो. बेअरिंगच्या खाचेत शिरला तर प्रत्येक फेऱ्याला खर्र वाजतो आणि पुसून जात नाही, खोलावंच लागतं.

दुसरी जागा लॉकची, आणि रीव्ह यांचं खरं योगदान इथे आहे. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो. त्याच्या पाठीवर स्प्रिंगची पट्टी असते आणि पात्याच्या बुडाशी दाते, म्हणून तो उघडताना कटकट वाजतो. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत मायकेल वॉकर यांनी लायनर लॉक आजच्या रूपात आणलं. त्यात मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते आणि पातं उघडलं की ती त्याच्या बुडाखाली सरकते. रीव्ह यांनी १९८७ मध्ये ती वेगळी पातळ पट्टी काढूनच टाकली. मुठीची टायटॅनियमची जाड पट्टीच लांबीच्या दिशेने चिरली आणि त्या चिरलेल्या जिभेला लॉक केलं. ते याला इंटिग्रल लॉक म्हणत. बाकी जग आता फ्रेम लॉक म्हणतं आणि शेकडो कंपन्या तेच वापरतात.

यातली खुबी अशी की काम करताना तुमची बोटं त्याच जिभेवर असतात. मूठ जितकी घट्ट धराल तितकी जीभ पात्याखाली आत दाबली जाते. हाताचा जोर लॉकच्या बाजूने लागतो.

जीभ पात्याला जिथे टेकते तो पृष्ठभाग सपाट दिसला तरी थोडा तिरका घासलेला असतो. तिरकेपणा फार झाला तर दाब आल्यावर जीभ मागे घसरते आणि चाकू बोटांवर मिटतो. फार कमी झाला तर जीभ अशी चिकटते की अंगठ्याने ढकलून निघत नाही. ड्रिलचा निमुळता दांडा (मोर्स टेपर) ज्या तत्त्वावर यंत्राच्या फिरत्या दांड्यात घट्ट धरून राहतो तेच इथे आहे: घर्षण आणि कोन यांचा हिशेब. यात एक अडचण टायटॅनियमच देतं. हा धातू स्टीलवर घासला की त्याला चिकटतो, ओरखडतो, आणि मऊ असल्यामुळे झिजतो. म्हणून जुन्या सेबेंझात जिभेच्या टोकाला उष्णता देऊन तो भाग कठीण केलेला असायचा. सध्याच्या सेबेंझा ३१ मध्ये टोकावर सिरॅमिकचा छोटा बॉल बसवला आहे आणि पातं त्या बॉलवर टेकतं. हाच बॉल मिटलेल्या स्थितीत पात्यातल्या खळीत बसून पातं खिशात उघडू देत नाही. एका बॉलने दोन कामं केली. सिरॅमिक कितीतरी कठीण असल्यामुळे तिथली झीज जवळपास थांबली आणि ते चिकटणंही गेलं. काही दुसरे कारागीर टोकावर स्टीलचा तुकडा स्क्रूने बसवतात. तोही चांगला उपाय आहे, झिजला तर बदलता येतो.

नवीन माणसाची या चाकूबद्दल सगळ्यात जास्त येणारी तक्रार: उघडतच नाही, अंगठा दुखतो. चाकू बहुतेक वेळा ठीक असतो, पकड चुकलेली असते. मिटलेला चाकू उजव्या हातात घेतला की मधली दोन बोटं नेमकी जिभेवर येतात. आपण अंगठ्याने पातं ढकलतो आणि त्याच वेळी बोटांनी जीभ दाबतो, म्हणजे बॉल खळीत आणखी रुततो. बोटं थोडी खाली, पट्टीच्या कडेवर किंवा क्लिपवर घ्या. अंगठा पात्यावरच्या खुंटीच्या (पातं ढकलायला बसवलेल्या छोट्या बोंडाच्या) वरून न दाबता बाजूने लावा आणि आधी बाहेरच्या दिशेला ढकला, मग वर. बॉल खळीतून एकदा सुटला की पातं पुढे सहज येतं. हातात घेऊन दाखवलं की ही गोष्ट क्षणात जमते. डावखुऱ्यांसाठी कंपनी उलट्या रचनेचा चाकूही बनवते. घरात कोणी डावरं असेल तर तोच मागवा, कारण उजव्या हाताचा फ्रेम लॉक डाव्या हाताने सोडताना बोट पात्याच्या वाटेत येतं.

मूठ ग्रेड ५ टायटॅनियमची असते, त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. स्टीलपेक्षा बरंच हलकं, गंज नाही, आणि स्प्रिंगसारखं वाकून परत येतं, म्हणूनच ती जीभ काम करते. पृष्ठभाग बारीक मण्यांचा मारा करून खडबडीत, मॅट केलेला असतो. ओल्या हातातून तो सटकत नाही. खिशात फिरून त्यावर चकाकणारे ओरखडे येतात, त्यांना घाबरू नका. निळी खुंटी दिसते तो रंग चढवलेला नाही. विजेच्या प्रवाहाने टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर वाढवला की त्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाश निळा, जांभळा, सोनेरी दिसतो.

मुठीला हात लावल्यावर एक गोष्ट चटकन कळते, ती म्हणजे कडा. प्रत्येक कड मोडलेली आहे, पण गोल करून टाकलेली नाही. स्वस्त चाकूत बर (कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कोर) काढलेला असतो तेवढाच, त्यामुळे दहा मिनिटं खोकी कापली की तळव्यावर रेघ उमटते. आणि काही महाग चाकूंत उलट होतं. मूठ एवढी गुळगुळीत आणि फुगीर करतात की अंधारात पातं कुठल्या बाजूला आहे ते बोटांना सांगता येत नाही. सेबेंझाची मूठ चपटी आहे, म्हणून दिशा लगेच समजते. मोठ्या मॉडेलचं पातं सुमारे ९२ मिमी आहे, छोट्याचं ७५ मिमीच्या आसपास. छोटा वजनाने शंभर ग्रॅमच्या आतच असतो आणि पॅंटच्या खिशात आहे हेसुद्धा विसरायला होतं.

पोलादाबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि माझ्या मते तिथे सगळ्यात कमी फरक पडतो. तरी थोडं सांगतो, कारण या चाकूचा त्या इतिहासाशी थेट संबंध आहे. टूलरूममध्ये आपण एचसीएचसीआर म्हणतो ते डी२ पोलाद झीज सोसतं, पण त्यात क्रोमियम कार्बाइडचे (क्रोमियम आणि कार्बनच्या कठीण संयुगाचे) मोठे खडे असतात. बारीक धारेत असा खडा आला की तो निखळतो. पावडरच्या पद्धतीत वितळलेलं पोलाद वायूच्या झोताने फवारून पीठ करतात आणि ते प्रचंड दाबाखाली तापवून पुन्हा घट्ट करतात. कार्बाइड वाढायला वेळच मिळत नाही, सगळे बारीक आणि सारखे राहतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या क्रुसिबल कंपनीने एस३०व्ही हे पोलाद खास चाकूंसाठी आणलं. ते डिक बार्बर यांनी घडवलं आणि रीव्ह त्यात सल्लागार म्हणून होते. पुढे एस३५व्हीएन आलं, त्यात थोडं नायोबियम घालून चिवटपणा वाढवला. मग एस४५व्हीएन, आणि आता मॅग्नाकट. हे लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने रचलेलं, २०२१ मध्ये बाजारात आलेलं पोलाद. त्यात क्रोमियम कार्बाइड बनूच दिलेलं नाही, त्यामुळे सगळं क्रोमियम गंजाशी लढायला मोकळं राहतं. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राच्या हवेत राहणाऱ्यांना याचा फायदा खरोखर होईल. कैरी, लिंबू, चिंच कापून चाकू तसाच मिटवला तरी साध्या कार्बन पोलादासारखा काळा पडणार नाही. अर्थात पुसून ठेवावाच.

पण पोलादाच्या नावापेक्षा पात्याची भूमिती जास्त कापते. सेबेंझाचं पातं पाठीला सुमारे ३ मिमी जाड आणि दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं आहे, म्हणून धारेच्या मागे ते बरंच पातळ होतं. सफरचंद कापताना फट् असा आवाज येऊन फोड तुटली तर समजा पातं जाड आहे. पातळ पात्याने फोड गुपचूप सुटते. या पात्याने लाकूड फोडू नका, डबा उचकटू नका, स्क्रू फिरवू नका. टोक जाईल, आणि ते काम या चाकूचं नाहीच.

धारेबाबत एक कळकळीची विनंती. हा चाकू दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर देऊ नका. त्याच्या हातात कसब असतं, विळ्या-सुऱ्या तो उत्तम लावतो, पण कोरडं वेगवान चाक पातळ धारेला क्षणात निळी करतं. हे पोलाद कठीण केल्यावर साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास टेंपर केलेलं, म्हणजे चिवटपणासाठी पुन्हा तापवलेलं असतं. धार त्याहून खूप तापली की तेवढा भाग मऊ झाला, आणि तो घासून काढेपर्यंत धार टिकत नाही. घरचा साधा सहाणेसारखा दगडही इथे दमतो, कारण पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइड त्या दगडाच्या कणांपेक्षा कठीण असतात. डायमंडची प्लेट घ्या, एक मध्यम आणि एक बारीक. प्रत्येक बाजूला १७ ते २० अंश कोन धरा, हलक्या हाताने, पाण्याचे दोन थेंब टाकून. शेवटी कातड्यावर ओढा. धार पूर्ण जाण्याची वाट न बघता महिन्यातून एकदा कातड्यावर ओढत राहिलात तर प्लेटची वेळ क्वचित येईल. पुठ्ठ्याची खोकी मात्र धार पटकन खातात, त्यात मातीचे कण असतात.

आता या चाकूतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. कंपनी तुम्हाला तो खोलू देते. कित्येक महाग चाकूंत स्क्रू काढलात की वॉरंटी गेली. सेबेंझासोबत ॲलन की आणि ग्रीस मिळत आलं आहे. खोला, वॉशर पुसा, ग्रीसचा एक ठिपका द्या, पुन्हा जोडा, स्क्रू पूर्ण आवळा. चाल जशी होती तशीच येते, पातं मुठीच्या बरोबर मध्ये येतं. ज्या चाकूचं फिटिंग हाताने जुळवाजुळव करून, कुठे जास्त आवळून, कुठे सैल ठेवून साधलेलं असतं तो एकदा खोलला की परत तसा होत नाही. खोलून जोडल्यावर तसाच राहणं म्हणजे मापं खरी आहेत याचा पुरावा. टूलरूममध्ये डायची परीक्षा आम्ही याच रीतीने करतो.

बाजारात नकला भरपूर आहेत, काही हजारांत मिळतात, आणि फोटोत ओळखू येत नाहीत. त्यामुळे भावाला अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायला सांगा. हातात आल्यावर हे बघा: अगदी सावकाश उघडा, मध्ये कुठेही अडखळ किंवा खरखर नको. उघड्या पात्याचं टोक बोटांच्या चिमटीत धरून डावं-उजवं, मग वर-खाली दाबा, काहीच हलता कामा नये. मिटवून उजेडाकडे धरा, पातं दोन्ही पट्ट्यांपासून सारख्या अंतरावर हवं. जीभ पात्याच्या बुडाखाली नीट सरकलेली असावी. पार पलीकडच्या पट्टीला टेकली असेल तर लॉक झिजलंय किंवा चुकलंय. आणि लॉक अंगठ्याने दर वेळी सारख्याच जोरात सुटलं पाहिजे.

दोन आकारांत माझं मत छोट्याकडे आहे. फळं, पार्सलं, सुतळी, दोरी, औषधाच्या पट्ट्या, प्रवासात पाव आणि काकडी, एवढ्याला ते पातं पुरतं, आणि चारचौघांत काढलं तरी कोणी दचकत नाही. तुमचा हात मोठा असेल किंवा शेतावर, ट्रेकला जास्त वापर होणार असेल तरच मोठा. ज्यांना वर्षातून चार वेळा चाकू लागतो त्यांनी एवढे पैसे घालू नयेत. दोन-तीन हजारांचा लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल त्यांचं सगळं काम करेल, आणि कापतोही फार छान. सेबेंझा त्याने घ्यावा ज्याच्या हातात चाकू रोज येतो.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांसाठी पात्याची जी मर्यादा आहे ती ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची आहे, हा चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात सुऱ्यांचाही उल्लेख असतो. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात चाकू घरी ठेवा. विमानात तो फक्त चेक-इन बॅगेत. भावाला हे आत्ताच सांगून ठेवा, कारण हातातल्या बॅगेत सापडला तर सुरक्षा तपासणीत तो काढून घेतात आणि परत मिळत नाही. आणि घेताना मॅग्नाकटचाच, उजव्या-डाव्या हाताची खात्री करून.